मिस्त्रीचा लाल टेकू

आमच्या रस्त्यावर कुणालाही ‘टेकू मिस्त्री कुठे बसतो’ विचारा, लहान मूलसुद्धा बोट दाखवील. त्याचं खरं नाव मला माहीत आहे, पण ते आता बँकेशिवाय कुणी वापरत नाही, म्हणून मीही वापरत नाही. त्याचं वर्कशॉप माझ्या वजनकाट्याला लागून आहे, मध्ये एक पत्र्याची भिंत. मी दिवसभर खिडकीत बसून भरलेले ट्रक नि ट्रॅक्टर तोलते आणि पलीकडे हा माणूस काय बडबडतो ते ऐकते. मला कुणी चोंबडी म्हणायचं तर म्हणा. ती पत्र्याची भिंत काही मी उभारलेली नाही.

तो ट्रॅक्टरच्या पुढे बसवायचे लोडर दुरुस्त करतो. ट्रॅक्टरच्या तोंडाशी दोन लोखंडी आर्म, त्यांच्या टोकाला खडी-माती उचलायची बकेट आणि हे सगळं वर ढकलणारे दोन जॅक. जॅकमध्ये तेल असतं आणि ते रबरी पाईपमधून येतं. पाईप फुटला की तेल बाहेर आणि बकेट खाली. खाली कोण उभं आहे, हे बकेट विचारत बसत नाही.

म्हणून मिस्त्रीचा एक हट्ट आहे. त्याच्याकडे आलेल्या प्रत्येक लोडरच्या जॅकला, अगदी बुडाशी, तो लॉकचा व्हॉल्व्ह बसवतो. पाईप फुटला तरी जॅकमधलं तेल आतच अडकतं आणि आर्म जिथल्या तिथे थांबतात. शिवाय एक टेकू देतो. टेकू म्हणजे जॅकच्या बाहेर आलेल्या चकचकीत रॉडवर बसणारं, पन्हाळीसारखं जाड लोखंड. ते बसवून खीळ मारली की जॅक मिटूच शकत नाही, मग व्हॉल्व्ह असो की नसो. टेकूला तो लाल रंग देतो, भडक, डोळ्यांत खुपेल असा.

“व्हॉल्व्ह पाईपसाठी, टेकू माणसासाठी,” असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतो. सीटजवळच्या, बकेट वर-खाली करणाऱ्या लिव्हरला चुकून कुणाचा हात लागला, तर व्हॉल्व्ह काही करत नाही. त्याला वाटतं, मालकालाच बकेट खाली हवी आहे. तिथे टेकूच लागतो.

गिऱ्हाइकं वैतागतात. एकदा एक वीटभट्टीवाला ओरडला होता, “अहो मिस्त्री, मी पाईप बदलायला आलोय, मुलगी बघायला नाही! किती वेळ बसवून ठेवता?”

“टेकू लागल्याशिवाय गाडी गेटबाहेर जाणार नाही,” मिस्त्री म्हणाला आणि रंगाचा डबा उघडला.

अशानं बरीच गिऱ्हाइकं गावाच्या दुसऱ्या टोकाच्या मेकॅनिककडे गेली. जी राहिली, तीही काम झालं की निघतात. मला नेहमी वाटतं, या माणसानं धंदाच मुलखावेगळा निवडला. डॉक्टरकडे बरा झालेला पेशंट निदान पेढे तरी घेऊन येतो. पण आज माझ्या डोक्यावर बकेट पडली नाही, हे सांगायला कोण येणार? मिस्त्रीचं काम चोख झालं की काहीच होत नाही, आणि काहीच झालं नाही की कुणीच येत नाही.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून तो एका पातेल्यात भात शिजवतो आणि रस्त्याकडे तोंड करून जेवतो. रेडिओ चालू असतो, पण स्टेशन नीट लागलेलं नसतं आणि तो लावायला उठतही नाही. राँग नंबर आला तरी हा समोरच्याची चौकशी करतो. तुमच्याकडे पाऊस आहे का, मुलं कितवीत आहेत, सगळं. शेवटी तिकडचा माणूसच कंटाळून फोन ठेवतो. भिंतीपलीकडे हे ऐकताना मला फार वाईट वाटतं, आणि मग त्याचा रागही येतो.

राग येतो, कारण त्याला सख्खा भाऊ आहे. आणि तो भाऊ, धाकटा, रस्त्याच्या पलीकडे खडीचं यार्ड चालवतो. त्याचा लोडर मिस्त्रीच्या डोळ्यांसमोर दिवसभर खडी भरतो. दोघांत एक रस्ता आहे आणि तोही फार रुंद नाही.

पूर्वी लोडर दोघांचा होता. एकदा मिस्त्री तेल कुठून गळतंय ते बघायला आर्मखाली आडवा झाला होता आणि धाकटा सीटवर होता. बकेट खाली आली. डाव्या पायाचं गुडघ्याखाली जे काही झालं, ते मी सांगणार नाही. ठरलेलं लग्न मोडलं. मुलीकडच्यांनी निरोपसुद्धा तिसऱ्याच माणसाबरोबर पाठवला.

धाकट्यानं मात्र भावाचं सगळं केलं. पाठीवर घेऊन संडासापर्यंत नेलं, भरवलं, दाढी केली. मिस्त्री कुबडी सोडून चालायला लागला, आणि त्यानं पहिलं काम काय करावं? टेकू बनवला. लाल रंग दिला आणि त्यांच्याच लोडरवर चढवला. थोड्याच दिवसांत वाटणी झाली, लोडर घेऊन धाकटा समोर गेला, आणि टेकू भंगारात गेला. “तो टेकू मला रोज शिव्या देतो,” असं तो बायकोला म्हणाला होता. बायकोनं ते मला सांगितलं. बायका काट्यावर फक्त ट्रॅक्टर घेऊन येतात असं थोडंच आहे.

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. धाकटा दुरुस्तीला गावाच्या त्या टोकाला जायचा. भावाच्या दारावरून धूळ उडवत.

मग तो दुसऱ्या टोकाचा मेकॅनिक आजारी पडला आणि त्याचं दुकान बंद झालं. नेमका तेव्हाच धाकट्याच्या लोडरचा जॅक गळायला लागला. दोन दिवस त्यानं तसाच रेटला. तिसऱ्या दिवशी सकाळी लोडर रस्ता ओलांडून मिस्त्रीच्या गेटात आला, आणि मी एका ट्रकचं वजन दोनदा केलं.

मिस्त्रीची नुसती धांदल. झाडू मारला, स्टूल पुसलं, लंगडत जाऊन बिस्किटं आणली. धाकटा अवघडून म्हणाला, “दादा, सील बदलायचंय फक्त.”

“बदलू. बस तू.”

दिवसभर काम चाललं. आधी नुसता पान्यांचा आवाज येत होता. दुपारनंतर बोलणं सुरू झालं. लहानपणी दोघांनी मिळून वडिलांची सायकल खोलली होती आणि ती परत जोडताच आली नव्हती, ती गोष्ट निघाली. “मार मात्र मीच खाल्ला,” मिस्त्री म्हणाला. “कारण साखळी तुझ्या खिशात होती!” धाकटा म्हणाला, आणि दोघं हसले. मिस्त्रीला मोठ्यानं हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. खोकल्यासारखं हसतो.

नवे सील बसले. दोन्ही जॅकना व्हॉल्व्ह बसले, धाकट्यानं त्याला हरकत घेतली नाही. मग मिस्त्री आत गेला आणि लाल टेकू घेऊन बाहेर आला. आज तरी नको रे बाबा, असं मी मनात म्हटलं.

“व्हॉल्व्ह राहू दे,” धाकटा म्हणाला. “हा नको.”

“टेकूशिवाय गाडी बाहेर जात नाही.”

“अरे, व्हॉल्व्ह आहे ना आता?”

“व्हॉल्व्ह पाईप फुटला तर. हा लिव्हरला हात लागला तर.”

एवढं बोलून तो टेकू बसवायला खाली वाकला. या माणसाला समोरच्याचा चेहरा वाचता येत नाही. त्याला लोखंडाची चीर दिसते, माणसाची दिसत नाही. मी तोवर खिडकी सोडून गेटाशी आले होते.

“म्हणजे त्या दिवशी माझाच हात लागला होता,” धाकटा म्हणाला. “तुला तेच वाटतं ना? इतकी वर्षं तेच वाटतं.”

मिस्त्री उठून उभा राहिला. टेकू त्याच्या हातातच होता. त्यानं विचार केला. खरोखर विचार केला, जसा तो गळती कुठून आहे याचा करतो.

“पाईप फाटलेला सापडला,” तो म्हणाला. “पण आधी पाईप फाटला, की बकेट आपटल्यावर फाटला, ते मला सांगता येत नाही. मी खाली होतो.”

धाकट्यानं भावाच्या हातातला टेकू काढून घेतला, जमिनीवर टाकला, सीटवर चढला आणि गाडी गेटबाहेर काढली. मिस्त्रीनं अडवली नाही. टेकूशिवाय गाडी बाहेर गेल्याची ती एकच वेळ.

मग माझं तोंड सुटलं. “नाही म्हणायला काय जात होतं तुमचं? एक शब्द! तुझा हात लागला नाही म्हणायचं, बिस्किटं खायची, संपला विषय!”

“खोटं बोललो की त्याला कळतं, ताई. लहानपणापासून कळतं.”

“मग कळू द्यायचं होतं!”

तो स्टुलावर बसला. “लागला असला तरी मला काही नाही,” तो म्हणाला. “कधीच नव्हतं.”

“हे त्याला सांगितलंत का?”

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू हे सांगावं लागतं हे त्याला आत्ताच कळत होतं. नंतर कितीतरी वेळ तो बिस्किटांचा पुडा बंद करत राहिला. मी काट्यावर परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं टेकू उचलला, खरचटलेल्या जागी रंग दिला आणि गेटाबाहेर, रस्त्याच्या बाजूला, भिंतीला टेकवून ठेवला. संध्याकाळी आत घ्यायचा, सकाळी बाहेर ठेवायचा. मी विचारलं नाही. आमचंही बोलणं जरा कमीच झालं होतं.

खडीच्या धुळीनं ट्रॅक्टरचा रेडिएटर तुंबतो. तो साफ करायचा तर आर्म वर करून, त्यांच्या खाली, बॉनेटपुढे उभं राहावं लागतं. धाकटा हे काम नेहमी घाईघाईत, वर बघत बघत करायचा. पण एका दुपारी त्यानं आर्म वर केले, ब्रश घेऊन खाली उतरला आणि तिथेच थांबला. बराच वेळ वर बघत उभा राहिला. मग ब्रश सीटवर ठेवला आणि रस्ता ओलांडून आला.

मिस्त्रीच्या गेटाशी येऊन त्यानं टेकू उचलला. आत बघितलं नाही. यार्डात जाऊन तो रॉडवर बसवला, खीळ मारली, रेडिएटर साफ केला. मला वाटलं, चला, घरचं घरी गेलं. पण काम झाल्यावर त्यानं टेकू काढला, फडक्यानं पुसला, परत रस्ता ओलांडला आणि होता तिथे भिंतीला लावून ठेवला.

त्यानंतर तो रेडिएटर साफ करायचा असला की येतो, आणि झाला की टेकू परत आणून ठेवतो. एक शब्द नाही. मिस्त्री आत दाराआड उभा असतो. पाऊल वाजू नये म्हणून दुखरा पाय उचलून धरतो.

परवा मला राहवलं नाही. धाकटा टेकू ठेवून वळला, आणि मी गेटाशीच होते. “अरे, घेऊन जा की, तुझाच आहे” असं ओरडायला मी तोंड उघडलं, तर मिस्त्रीनं मागून माझा दंड धरला. एवढा घट्ट, की वळ उठला.

“गप्प बसा, ताई,” तो कुजबुजला. “नेला तर परत कशाला येईल?”