दिलदार शब्दाचा राखणदार

जवळा बाजार ह्या गावात वाढदिवस जवळ आला की माणूस केकवाल्याच्या आधी शेषराव खिल्लाऱ्यांचं दार गाठतो. केकचं काय, कापला की संपला. फ्लेक्स मात्र बसस्टँडच्या चौकात वाऱ्यानं फाटेपर्यंत उभा राहतो, आणि फोटोखाली जे लिहिलेलं असेल त्या नावानं गाव पुढं कित्येक दिवस हाक मारतं.

शेषराव आधी ब्रशनं पाट्या रंगवायचे. आता त्यांचा पोरगा प्रमोद कॉम्प्युटरवर डिझाइन करतो आणि छपाई हिंगोलीला होते, पण मजकूर अजून शेषरावांचाच. प्रमोदच्या खुर्चीमागं हात पाठीवर बांधून ते उभे राहतात, फोटोतल्या गॉगलवाल्याकडं डोळे बारीक करून बघतात आणि म्हणतात, "लिही. धडाडीचे." विशेषणांना त्यांचा हात एकदम सैल. निवडणुकीत आपटलेल्याला लोकप्रिय, दहावीतच अडकलेल्याला अभ्यासू, बायकोपुढं तोंड न उघडणाऱ्याला बुलंद आवाज. कुणाचं काय जातंय?

एक शब्द मात्र ते कुलपात ठेवायचे. दिलदार.

"धडाडीचा म्हणलं तर कोणी तपासायला येत न्हाई," ते प्रमोदला सांगायचे. "दिलदार म्हणलं की दुसऱ्या दिवशी दारात माणूस उभा राहतो. तवा ते खरं निघालं पाहिजे."

तांड्यावरच्या लालसिंगला तो शब्द मिळाला होता. गावाच्या टाकीचा तळ दिसायला लागला त्या उन्हाळ्यात लालसिंगनं आपल्या बोअरचा पाइप हळदीतून उचलून रस्त्यावर सोडला होता. हळद गेली, गावाचे हंडे भरले. बिचाऱ्यानं शब्द मागितलाही नव्हता. फ्लेक्स लागला तेव्हा तो इतका लाजला की चौकातून जाताना तोंड पलीकडं करून जायचा.

आणि आता तो शब्द मागायला आले अमृतराव.

अमृतराव म्हणजे शेषरावांच्या बायकोचे, चांगुणाबाईंचे थोरले भाऊ. बाजारतळाशेजारी त्यांची पिठाची गिरणी. रात्री कोणी घड्याळ बघत नाही म्हणून झोपण्याआधी ते घड्याळातला सेल काढून ठेवत. ओळखीच्या गल्लीतून जाताना चष्मा खिशात टाकत; तिथं बघायचं काय, उगा काच झिजते. आणि गिरणीत पीठ जिथून पडतं त्या कापडी बाहीला दळण संपल्यावर थाप मारायची असते, म्हणजे आत अडकलेलं पीठ गिऱ्हाइकाच्या डब्यात उतरतं. अमृतरावांनी ती थाप आयुष्यात मारली नव्हती. त्यांच्या घरी पीठ कधी संपत नसे आणि गावात कुणाच्या डब्याचं झाकण पिठाला टेकत नसे.

साठी आली म्हणून पोरांनी फ्लेक्सचं ठरवलं होतं. अमृतराव खुर्चीवर टेकले, फुकटचा चहा बशीसकट संपवला आणि म्हणाले, "दाजी, माह्या फोटोखाली दिलदार टाका."

शेषरावांनी आधी काटकसरी देऊन बघितला. मग शिस्तप्रिय. मग आवाज खाली आणून कार्यसम्राटसुद्धा पुढं केला, जो ते आमदारकीच्या खाली कुणाला देत नसत. अमृतराव हलेनात.

"लालसिंगला दिला. मला काहून न्हाई?"

"त्यानं मागितला न्हवता."

अमृतराव उठले, चष्मा काढून खिशात टाकला आणि गल्लीतून निघून गेले. आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज थांबला. तो आवाज थांबला की शेषरावांना धडकी भरायची.

चांगुणाबाईंचं वाढणं गावात प्रसिद्ध होतं. पाहुण्यानं ताटावर हात आडवा धरला तर त्या हातावर वाढायच्या. त्या दिवशी शेषराव जेवायला बसले तर ताटात एकच भाकर, आणि वरण खोकल्याच्या औषधासारखं, जणू झाकणानं मोजून दिलेलं. ठेचा ताटाच्या काठावर इतका लांब की त्याला हाक मारावी लागली असती.

त्यांनी ती भाकर संपवली. मग म्हणाले, "अजून एखादी भाकर असंल तर बघ."

"हाय की," चांगुणाबाई म्हणाल्या. "पर मागणाऱ्याला देत नसतेत. मागितली नसती तर दिली असती."

शेषराव पाणी पिऊन उठले. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही. पँट पट्ट्याशिवाय राहीना. शेवटी त्यांनी शब्दाची किंमत समजावून सांगायला घेतली, तर चांगुणाबाईंनी तवा खाली ठेवला.

"माह्या दादाला गाव कंजूस म्हणतंय. दादा पिठाला कंजूस हाय, मान्य हाय मला. तुमी तर तोंडच्या वाफेला कंजूस. शब्दाला काय दळावं लागतंय?"

रिकाम्या पोटी तत्त्व टिकतं, पण फार आवाज करतं. त्यांनी अमृतरावांना निरोप धाडला की गावादेखत एक तरी काम मोकळ्या हातानं करून दाखवा, शब्द तुमचा.

अमृतरावांनी उत्तर पाठवायला वेळ लावला नाही. येत्या बाजाराच्या दिवशी, सकाळी आठपासून चारपर्यंत, गिरणीत दळण फुकट.

शेषराव खूश झाले. प्रमोद झाला नाही. तो म्हणाला, "बाबा, ह्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी लोडशेडिंगनं लाइन आठला जाती, ती चारलाच येती."

गिरणीवाल्याला हे माहीत नसेल असं मानायला शेषराव इतकेही उपाशी नव्हते. ते तडक गिरणीवर गेले. अमृतराव शांत होते. म्हणाले, "मी दळण फुकट म्हणलो दाजी, लाइन काय माह्या घरची हाय का?"

बाजाराच्या दिवशी डब्यांची रांग गिरणीपासून पार भाजीवाल्यांच्या पालापर्यंत गेली. ज्वारी, गहू, डाळ, एका बाईनं तर नातवाच्या बारशाचं सगळं दळण आणलेलं. शेषरावही ज्वारीचा डबा घेऊन उभे होते. चांगुणाबाईंनी पाठवलं होतं आणि हल्ली त्या पाठवतील तिथं ते जात. अमृतराव इस्त्रीचा सदरा घालून आले. चेहरा आधीच दुःखी करून आणला होता. बटणाला हात लावला, गावाकडं वळले आणि म्हणाले, "काय करावं बाप्पा, लाइनच..."

डोक्यावरचा बल्ब लखलखीत जळत होता.

औंढ्याला कुणी बडे पाहुणे दर्शनाला येणार होते म्हणे, त्यामुळं त्या दिवशी लाइन गेलीच नाही. अमृतराव त्या बल्बकडं असे बघत राहिले, जसा न सांगता मुक्कामाला आलेल्या जावयाकडं सासरा बघतो.

गिरणी सुरू झाली. पहिले काही डबे त्यांनी दात आवळून दळले. मग म्हाताऱ्या जिवनबाईचा नंबर आला. तिनं पदरातली ज्वारी ओतली, पीठ घेतलं, पदर उघडून बघितला आणि काठी उचलून त्या कापडी बाहीला अशी हाणली की आत साठलेलं सगळं पीठ एकदम उसळून अमृतरावांच्या तोंडावर आलं. मिशा पांढऱ्या, भुवया पांढऱ्या, सदऱ्याची इस्त्री कुठं गेली कळेना. ते शिंकले. त्या शिंकेनं आणखी पीठ उडालं, मग ते पुन्हा शिंकले.

"साठीचा दिसायला लागला आता," जिवनबाई म्हणाली. "मघाशी खोटा वाटत व्हता."

रांग हसली. आणि मग गिरणीतून एक विचित्र आवाज आला. यंत्राचा पट्टा सुटला की काय म्हणून शेषरावांनी मान वर केली. अमृतराव हसत होते. वर्षानुवर्षं बंद पडलेलं इंजिन धक्का मारून चालू करावं तसे, आधी खरखर, मग धूर, मग थांबायचं नावच नाही.

त्यानंतर त्यांना काय झालं कोण जाणे. प्रत्येक दळण संपलं की ते स्वतः बाहीला थाप मारू लागले. नुसती थाप नाही, ठेका. लेझीम खेळावी तशी कंबर हलायला लागली. लोक डबा उचलून जायचे सोडून बघत उभे राहायला लागले. चार वाजून गेले, तरी शेवटचा डबा होईपर्यंत बटण बंद झालं नाही.

शेषरावांनी आपला डबा घेतला आणि सवयीनं झाकण दाबलं. बसेना. आणखी दाबलं. पीठ काठावर आलं होतं. लग्नापासून ते ह्या गिरणीचं पीठ खात होते, आणि त्यांच्या डब्याचं झाकण आज पहिल्यांदा अडलं होतं.

ते डबा छातीशी धरून तसेच दुकानात आले, प्रमोदच्या खुर्चीमागं उभे राहिले. हात पाठीवर बांधता येईनात, डबा होता.

"लिही," ते म्हणाले. "दिलदार. टाइप मोठा घे."

वाढदिवसाला सकाळी चौकात फ्लेक्स लागला. संध्याकाळी अमृतराव शेषरावांच्या घरी आले. घामाघूम. चष्मा डोळ्यांवर होता, म्हणजे गल्लीत माणसं बघून चालावं लागलं होतं. सकाळपासून मोटारसायकल मागायला दोघं, सतरंज्या मागायला एक मंडळ, आणि एक तर, त्यांनी दार बंद करून घेत सांगितलं, नुसताच गळ्यात पडून गेला.

"दाजी, तो शब्द काढा. शिस्तप्रिय बी चाललं असतं मला."

शेषराव म्हणाले, "दिलेलं परत घेत नसतेत. तुमाला बाजाराच्या दिवशीच कळलं वाटलं मला."

अमृतराव काही बोलणार, तोच आतून चांगुणाबाईंनी दोघांनाही पानावर बोलावलं. भाकरींची चवड होती, वरणावर तेलाची धार होती, आणि ठेचा अगदी हाताशी होता. शेषराव जेवले. पुन्हा जेवले. पट्ट्याचं भोक बदललं. चवथी भाकर येताना दिसली तसा त्यांनी ताटावर हात आडवा धरला.

"पुरे," ते म्हणाले.

चांगुणाबाईंनी भाकर त्यांच्या हातावर ठेवली आणि वरून वरण ओतलं.

"दिलदार माणसाच्या बहिणीला पुरे म्हणायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "चौकात लिहून ठिवलंय तुमी."