आज काकू पुढं

औंढ्याला नागनाथाच्या दारात चपला सांभाळणारे एक गृहस्थ बसत. ते माणसाला चेहऱ्यानं ओळखतच नसत. मी नव्या चपला घेतल्या की चार दिवस मला परगावचा समजून "कुठून आलात?" असं विचारत. चपलांची झीज बघून ते भाविकांना फिरायची वाट सांगत, "तुमी पायऱ्यांची बारव बघा, बस झालं." आणि दुसऱ्याला, "तुमी मात्र तलावापर्यंत बराबर पोचता."

पाहुणे आले की त्यांना गाव दाखवायचं काम माझं. एका खेपेला पायानं अधू झालेली आईही निघाली. दर्शन झाल्यावर मी तिला चपलावाल्या गृहस्थांच्या बाकड्यावर बसवलं. "तू थांब, तुझ्यानं चालवणार नाही," म्हणालो आणि तिच्याकडं बघायचं टाळलं.

त्यांनी आईच्या चपला तिच्या पायाशी आणून ठेवल्या. "काहून बसवून राहिले काकूला? आमच्या तांड्यात बैलांवर माल न्यायचे तवा लंगडा बैल पुढं लावत. मग कोणीच मागं राहत न्हाई. आज काकू पुढं!"

"मला बैल म्हणतो व्हय रे मेल्या!" म्हणत आई उठली आणि खरंच पुढं चालू लागली.

तिच्या चालीनं आम्ही बारवेपर्यंत गेलो. पायरीवर टेकून ती सांगू लागली. नवी नवरी असताना इथंच तिच्या हातून घागर सुटली होती आणि सासूच्या भीतीनं ती अंधार पडेपर्यंत घरी गेली नव्हती. पाहुणे पोट धरून हसले. मी हे पहिल्यांदाच ऐकत होतो.

"मला कधी सांगितलं नाहीस," मी म्हणालो.

"सांगू कवा? तू सारखा पुढं पळत राहतोस."