पुढे ढकललं की वर

आमच्या भागात त्यांना सगळे थांबा मिस्त्री म्हणतात. खरं नाव त्यांच्या बायकोला ठाऊक असावं. पण कुणी विचारलंच तर तीही "आमचे हे" एवढ्यावर काम भागवते. ट्रॅक्टर दारात आला, की गाडीवाला खाली उतरायच्या आतच तक्रार सांगायला लागतो आणि मिस्त्री तळहात पुढे करून म्हणतात, "थांबा." मग पुढची, माती उचलायची बकेट जमिनीला टेकवून घेतात, इंजिन बंद करायला लावतात, बकेटची लिव्हर पुढेमागे हलवून पाइपांत कोंडलेला तेलाचा दाब सोडून देतात आणि चहा मागवतात. चहा संपेपर्यंत पान्याला हात नाही. घाईतल्या माणसाचा जीव नुसता टांगणीला लागतो. पण मिस्त्रींचं म्हणणं असं, की दाबातलं तेल आणि रागातला माणूस निवल्याशिवाय उघडू नये.

तेल कुठून गळतंय हे ते कधी बोट लावून पाहत नाहीत. पुठ्ठ्याचा तुकडा धरतात. पाइपाला केसाएवढी चीर असली तरी तिच्यातून उडणारी चिळकांडी कातडीत सुईसारखी घुसते. हे ज्ञान त्यांना उजव्या हाताच्या तर्जनीने मिळवून दिलं. तिचं टोक त्या शिकवणीत खर्ची पडलं. त्याबद्दल कुणी हळहळलं तर म्हणतात, "काम नऊ बोटांत होतं. दहावं लोकांना दाखवायला असतं."

माझ्या काकूचा ट्रॅक्टर त्यांच्याकडे गेला तेव्हा तो मरणपंथालाच लागला होता. हा ट्रॅक्टर काकूच्या मुलापेक्षा वयाने मोठा, आणि मुलाच्या मते त्याच्यापेक्षा जास्त लाडका. काका असताना काकू तो अधूनमधून चालवायची, ते गेल्यावर त्यावर बसली ती बसलीच. कुणाच्या अंगणात माती टाक, कुणाच्या बांधकामाची खडी सरकव, कुणाच्या शेतात खत पसर, अशी तिची कामं. ट्रॅक्टरच्या पुढे लावलेली बकेट ती चमच्यासारखी वापरायची. पण पाइप कडक होऊन चिरले, जागोजागी तेल पाझरायला लागलं, लिव्हर अडकायला लागली. उचललेली बकेट वर राहीचना. पेंग आलेल्या माणसाच्या मानेसारखी हळूहळू खाली यायची.

मुलगा बरेच दिवस म्हणत होता, की आई, आता ट्रॅक्टरही म्हातारा झाला आणि तूही. दोघांनी घरी बसा. काकू म्हणाली, "घरी बसून काय करू? तुझं तोंड बघू?" शेवटी मायलेकांत ठरलं. मिस्त्रींनी गाडी बरी केली, तर काकू चालवणार. पण तिच्या हातून एक जरी चूक झाली, तरी मुकाट्याने किल्ली मुलाच्या हातात द्यायची. मुलगा काही वाईट नव्हता. त्याने बाप गमावला होता आणि आईच्या बाबतीत त्याला जोखीम नको होती.

मिस्त्रींनी काम मन लावून केलं. लिव्हरखालचा वॉल्व्ह उघडून आतली तेल अडवणारी जुनी रबरी सीलं काढली. ती इतकी वाळली होती, की बोटांत चुरा झाला. नवी सीलं बसवली. प्रत्येक जुना पाइप काढून त्याच मापाचा नवा, दोन्ही टोकांना नट दाबून, तयार करून आणला. आणि हे करताना त्यांना एक गोष्ट दिसली, ती पाहून त्यांच्या आतला मिस्त्री सुखावला. लिव्हरजवळच्या पत्र्यावर कारखान्यातूनच आलेला, पुसट झालेला बाण होता. मागे ओढली की बकेट वर, असं तो बाण सांगत होता. आणि पाइप मात्र बरोबर उलटे जोडलेले. कुणीतरी अडाण्याने कधीकाळी वरचा खाली आणि खालचा वर लावला होता. मिस्त्रींनी "काय एकेक लोक" असं पुटपुटत पाइप सरळ केले. दुसऱ्याची चूक निस्तरण्यात जे समाधान आहे, ते स्वतःचं काम नीट करण्यातही नाही.

काकू आणि मुलगा गाडी न्यायला आले. मिस्त्री आपल्या लाडक्या स्टुलावर बसले होते. हे लोखंडी स्टूल त्यांनी दुकान टाकलं तेव्हा स्वतः जोडलेलं. त्यावर दुसऱ्या कुणाला बसायची सोय नव्हती, कारण ते एका बाजूला झुकायचं आणि कसं बसायचं हे फक्त त्यांना माहीत होतं. काकूने इंजिन सुरू केलं. मिस्त्रींनी बकेट वर घेऊन दाखवली, स्टूल तिच्या पुढ्यात ओढून बसून पाहिलं, किंचितही हलेना तेव्हा खूश झाले, म्हणाले, "आता तुम्ही घ्या वहिनी," आणि हात पुसायला फडकं आणायला आत गेले. काकूने बकेट आणखी वर घ्यायला लिव्हर पुढे ढकलली.

बकेट खाली आली. नव्या पाइपांच्या जोमाने आली आणि मिस्त्रींच्या स्टुलाची पोळी करून थांबली.

काकूने इंजिन बंद केलं, खाली उतरली आणि न सांगताच किल्ली मुलाच्या हातात ठेवली. मग स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले, जणू ते दुसऱ्या कुणाचे तरी आहेत. मुलगा एवढंच म्हणाला, की चल आई, घरी जाऊ.

मिस्त्री फडकं हातात घेऊन स्टुलाकडे बघत राहिले. घटकाभरापूर्वी आपण तिथे बसलो होतो, हे त्यांच्या ध्यानात आलं असणारच. पण ते म्हणाले, "थांबा."

चहा मागवला. काकूने घेतला नाही. मग मिस्त्रींनी तिला बंद ट्रॅक्टरवर पुन्हा बसवलं आणि डोळे मिटायला सांगितले. मुलगा वैतागला, आता हे काय नाटक, असं त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलं होतं.

"वहिनी, बकेट वर घ्या," मिस्त्री म्हणाले. काकूचा हात पुढे गेला. "खाली टेकवा." हात मागे आला. वर, खाली, पुन्हा वर, मधेच थोडी खाली. मिस्त्री क्रम बदलून फसवत होते, पण हात एकदाही अडखळला नाही. वर म्हटलं की पुढेच.

"अहो, हात तर घड्याळासारखा चालतोय," मिस्त्री म्हणाले. "चूक माझी. मी तुमचे पाइप सरळ केले आणि तुम्हाला विचारलं नाही. उलटे कुणी लावले होते?"

काकूने डोळे उघडले. मग हळूच हसली.

"ह्यांनी," ती म्हणाली. "एकदा पाइप फुटले तेव्हा नवे घरीच बसवले. उलटे लागलेत हे मी सांगितलं, तर म्हणाले, ट्रॅक्टर आता शिकणार नाही, तूच शीक."

म्हणजे अडाणी कोण हे कळलं आणि मिस्त्रींनी जीभ चावली. काकांशी त्यांचा चांगला स्नेह होता. मग त्यांनी रीतसर विचारलं, की पाइप कसे ठेवू? सरळ ठेवले तर हाताला नव्याने शिकावं लागेल. काकूने क्षणाचाही विचार केला नाही. हात माझा, गाडी माझी, म्हणाली, होते तसे लावा.

मिस्त्रींनी पुन्हा दाब सोडला, पुन्हा पाइप उघडले आणि आयुष्यात पहिल्यांदाच जाणूनबुजून चुकीचं काम मन लावून केलं. मात्र पत्र्यावरचा जुना बाण खरवडून तिथे लाल रंगाने उलटा बाण काढला, ठळक, आंधळ्यालाही दिसावा असा. उद्या दुसरं कुणी बसलं तर त्याचं स्टूल तरी वाचावं.

मुलाने किल्ली परत दिली आणि आईच्या आधी जाऊन फाटक उघडून उभा राहिला.

तेव्हापासून मिस्त्रींच्या "थांबा"मध्ये एक भर पडली आहे. चहानंतर मालकाला बंद गाडीवर बसवून ते डोळे मिटायला लावतात आणि हात कसा चालतो ते बघतात. लोक हसतात, पण बसतात. काकूने त्यांना नवं स्टूल करवून आणून दिलं, चारही पाय समान असलेलं. मिस्त्री त्यावर बसतात खरे, पण सवयीने एका बाजूला कलून. काकू म्हणते, या माणसाने माझे हात मला परत दिले, स्टुलाचं काय घेऊन बसलात.

मुलगा आता सुट्टीच्या दिवशी ट्रॅक्टर शिकतो. बकेट वर घ्यायची असली की बाण समोर असूनही हमखास लिव्हर मागे ओढतो आणि काकू शेजारी उभी राहून ओरडते:

"पुढे रे, पुढे! तुझ्या बापाची चूक आहे ती. जपून वापर."