थोरल्या चुलत्यांनी मोटर बंद केली

माझ्या मुलीला पडतं पाणी लागतं. साठलेलं नाही, पडतं. आमच्या मळ्यात विहिरीवरची मोटर चालू असली, की हौदात पडणाऱ्या धारेखाली हात धरून ती तासन्‌तास बसते, हसते, मध्येच टाळ्या वाजवते. अकरा वर्षांची आहे, बोलत नाही. सांगलीच्या डॉक्टरांनी स्वमग्नता असा शब्द दिला, गावानं त्याहून वाईट पुष्कळ दिले. मी वीस वर्षं फौजेत काढून आलेला माणूस, डोकं लवकर फिरतं माझं. पण भांडून भांडून किती जणांशी भांडणार?

गेल्या हिवाळ्यात मी बायकोला एक शब्द दिला होता. आमच्या भावकीत शाळू, म्हणजे हिवाळी ज्वारी, हुरड्याला आला, की सगळी घरं मिळून एक दिवस मळ्यात जातात. आगटी पेटते, भाजलेली कणसं हातावर चोळून दाणे काढायचे आणि लगेच खायचे, कारण गार झाला की हुरडा चामट होतो. बायको सहा वर्षांत त्या पंगतीला एकदाही बसली नव्हती. लेकीच्या मागं पळायची, नाहीतर घरीच थांबायची. साताऱ्याला तिच्या सख्ख्या बहिणीच्या लग्नात बँड वाजायला लागला तर ही लेकीचे कान धरून गाडीत बसली. अक्षता पडल्या त्या तिनं काचेतून बघितल्या. म्हणून मी म्हणालो, "औंदा तू जावांबरोबर बसून गरम हुरडा खायचा. पोरीकडं मी बघतो."

तयारी काय कमी केली? विहीर सामाईक, पाण्याची प्रत्येकाची पाळी ठरलेली. त्या दिवशीची पाळी चुलतभावाची होती, ती हातापाया पडून बदलून घेतली. शेतीची वीज आठवड्याआड रात्रीची येते, त्या आठवड्यात ती दिवसा होती. सकाळी दहाला बटण दाबलं, हौदातून पाणी गव्हाला सोडलं, लेकीला हौदाच्या कठड्याशी बसवलं. बायको दहा वेळा मागं वळून बघत आगटीजवळ गेली. धाकट्या जावेनं तिच्या हातावर गरम दाणे ठेवले, कुणीतरी तिची चेष्टा केली आणि ती हसली. लांबून ऐकू आलं मला. इतकं बरं वाटलं, की मी पण उठलो आणि दोन कणसं आणायला आगटीकडं गेलो.

तेवढ्यात आमचे थोरले चुलते विहिरीकडं गेले. गव्हाचे वाफे तुडुंब भरून पाणी गाडीवाटेवर आलं होतं. आमच्याकडं वाया जाणारं पाणी कुणालाच बघवत नाही, आणि या माणसानं तर तरुणपणी ही विहीर स्वतः खणलेली. त्यांनी मोटर बंद केली.

धार तुटली. लेक किंचाळली आणि कठड्यावर कपाळ आपटायला लागली.

मी पळत जाऊन आधी बटण दाबलं. मोटर नुसतीच फिरायला लागली, पाणी उचलेना. विहिरीतल्या पाइपच्या तळाची झडप गळत होती. मोटर बंद पडली की पाइप रिकामा, मग वरून घागरीनं पाणी ओतून तो भरत बसायचं. मला हे ठाऊक होतं! महिनाभर ठाऊक होतं, आणि आज बंद करतंय कोण, म्हणून तसंच ठेवलं होतं. मी ओरडत होतो, कुणावर ते माझं मलाच कळत नव्हतं. भाऊ घागरी भरून देत होते, मी ओतत होतो, आणि वर नुसते बुडबुडे. मागं ते ठक, ठक. कुणी म्हणालं, तिच्या पुढ्यात तांब्यानं धार धरा. धरली, तर तिनं तांब्या भिरकावला. एक म्हातारी म्हणाली, "बाहेरचं हाय कायतरी, कुणाला तरी दावून या." माझ्या तोंडात शिवी आली होती, पण हातात घागर होती.

मग ठक आवाज थांबला. वळून बघितलं तर बायको आली होती. कपाळ आणि कठडा यांच्यामध्ये तिनं स्वतःचा तळहात घातला होता. लेक आपटतच होती, आता त्या हातावर.

पाऊण तासानं मोटरीनं पाणी धरलं. धार पडली. लेकीनं हात पुढं केला आणि कपाळावर टेंगूळ घेऊन हसायला लागली. चुलते जवळ आले. ऐंशीचा माणूस, अख्खी भावकी ज्याचं ऐकते, तो डोक्यावरची टोपी हातात घेऊन माझ्यापुढं उभा. "चुकलं रं लेकरा. मला म्हाईत न्हवतं. आनि काय काय करायचं न्हाई ते एकदा सांगून ठेव, ध्यानात ठीवतो."

मी सांगायला तोंड उघडलं. कुकरची शिट्टी नको, फटाके नकोत, आणि पुढं? आज चालतं ते उद्या चालत नाही. बाप असून अकरा वर्षांत मला ती यादी करता आलेली नाही. "तुमची चूक न्हाई, आबा," एवढंच म्हणालो.

माणसं परत आगटीकडं गेली. जाऊ ताटलीत हुरडा घेऊन आली, बायकोनं नको म्हणून मान हलवली. तिचा तळहात सुजून काळानिळा झाला होता. मी तो हातात घेतला. तिनं काढून घेतला, रागानं नव्हे, लेक पुढं वाकली होती म्हणून.

"आवं," ती म्हणाली, "फुडच्या वर्सापास्नं तुमी येत जावा. आमी दोघी घरी थांबतो."

असं कसं, आपण तिघंही येणार, असं मी म्हणायला हवं होतं. वीस वर्षं सरहद्दीवर काढलेल्या माणसाला एवढं एक वाक्य बोलता येऊ नये? आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि ते तिला कळलं.