चहात न मोडणारा केक

केक कापला की चुरा पडतोच. तो कोणी विकत घेत नाही आणि फेकवतही नाही. दिवसभर जाता-येता आम्ही दुकानातलेच तो तोंडात टाकतो. बेकरीतल्या गोष्टींचंही तसंच आहे. विकायला गेलं तर किंमत शून्य, पण साठतात किती! मला चारचौघांत बोलायला जमत नाही, शाळाही नववीत सुटली. म्हणून त्यातला एका केकचा चुरा इथे लिहूनच वाढतो.

आमची बेकरी ऐरोलीत आहे, गावठाण संपून सेक्टरच्या इमारती सुरू होतात तिथे. मालकीण माधवीताई. आधी त्या आयटी पार्कमध्ये एचआरला होत्या, त्यामुळे अजूनही आमची रोज 'टीम मीटिंग' घेतात. टीम म्हणजे भट्टी सांभाळणारे उस्मानचाचा आणि केक करणारा मी. माझं नाव विजय, पण सगळे 'गप्प्या' म्हणतात.

हे नाव ठेवलं हिराबायआजींनी. त्या मूळच्या ऐरोली गावातल्या. गाळा त्यांच्या नावावर, आणि वरच्याच मजल्यावर त्या मुलाकडे राहतात. रोज दुपारी चार वाजता खाली उतरायचं, दारातल्या लाल खुर्चीत बसायचं, चहा मागवायचा आणि आमचा फ्रूट केक त्यात बुडवून खायचा. वर्षानुवर्षांचा नेम!

*

एक दिवस आजी आल्या, बसल्या, चहा घेतला आणि केकची बशी मागे सारली.

माधवीताई घाबरल्या. "आजी, केक बिघडलाय का?"

"केक नाय गो, पोट बिघडलाय. डाक्टर बोलला, गहू बंद, मैदा बंद, रवा बंद. जनमभर!"

"अरेरे! मग आता जेवणाचं कसं करणार?"

"जेवनाला काय झाला? आमी तांदलाची भाकरी खानारी मानसं. गव्हाचा मी खाते ता फकस्त तुमचा केक." आजींनी चहाचा घोट घेतला. "येवऱ्या मोठ्या दुनियेत त्या डाक्टरनी बरोब्बर तोच पकडलान!"

*

त्याच आठवड्यात गाळ्याचं अ‍ॅग्रीमेंट संपत आलं. आजींचा मुलगा जनाशेठ खाली आला. गळ्यात जाड चेन, हातात पांढऱ्या गाडीची चावी. माणूस वाईट नाही, फक्त घाईत असतो.

"ताई, यंदा रिन्यू नाय होनार. जिमवाला पार्टी आलाय. काचेचा दरवाजा लावतो बोलला."

माधवीताईंचा चेहरा उतरला. चाचांनी भट्टीचं दार उगाचच उघडून बंद केलं. चाचांचं सगळं आयुष्य भट्टीपुढे गेलेलं, आणि मला या एका कामाशिवाय दुसरं काही येत नाही.

तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला, "जना, गाला कोनाच्या नावावर हाय?"

"आई, तुझ्याच. पण..."

"मंग मी सांगते. दिवालीच्या आधी यांनी मना चायमंदी बुडवाया बिनगव्हाचा केक दिला, तर गाला यांचा. नाय दिला, तर तुजा जिमवाला."

"केकवर अ‍ॅग्रीमेंट?" जनाशेठ ओरडला.

"मंग कशावर? दंड-बैठकांवर?"

*

दुसऱ्या दिवशी टीम मीटिंग. ताईंनी समजावलं, की गव्हात एक चिकटपणा असतो, त्याला ग्लूटेन म्हणतात, केक त्यानेच धरून राहतो. आपल्याला त्याच्याशिवाय धरायचाय.

चाचा म्हणाले, "मतलब, ईंट लगाने की, सिमेंट के बिना."

"एक्झॅक्टली!" ताई म्हणाल्या. चाचांचा चेहरा अजूनच पडला.

पहिला केक मी तांदळाच्या पिठाचा केला. वरून लालसर, आत टुटीफ्रुटी, काजू, मनुका. दिसायला असा देखणा, की चाचांनी फोटो काढून भावजीला पाठवला. चार वाजता आजी आल्या. तुकडा उचलला, चहात बुडवला आणि हात वर काढला.

हात रिकामाच वर आला!

आजींनी कपात डोकावून पाहिलं. मग चमचा मागवला आणि शांतपणे सगळा कप चमच्याने संपवला.

"गप्प्या, चव बरी हाय," त्या म्हणाल्या. "पन बाबा, याला केक नाय बोलत. ही पेज हाय!"

*

मग नाचणीचा केला. आम्हीच आधी बुडवून पाहिला, तो चहात थोडा जास्त टिकला, पण रंग असा आला, की आजी लांबूनच म्हणाल्या, "ह्यो तुलशीजवल ठेव, शेनीवानी धुरी कराया."

तो केक वाया जाऊ नये म्हणून ताईंनी काउंटरवर मांडला. आयटी पार्कमधला एक मुलगा आला. 'ग्लूटेन-फ्री' हे वाचून फारच खूश झाला. बराच वेळ ताईंना सांगत होता, की त्याने गहू कसा सोडलाय, किती हलकं वाटतंय, झोप किती छान लागते.

ताईंनी केक बांधून दिला. "अजून काही?"

"हो. चहाबरोबर खायला खारी द्या ना. जरा जास्त द्या."

*

तिसऱ्या केकला मी ज्वारीचं पीठ घातलं, पिकलेलं केळं कुस्करून घातलं. सुका मेवा संत्र्याच्या रसात भिजवला. वास असा सुटला, की समोरचा इस्त्रीवाला कपडे टाकून दारात आला. आजींनी तुकडा हातात घेतला. आम्ही तिघं रांगेत उभे.

आणि दुकानच्या केकचं काम अर्धवट टाकून आलेले माझे हात मला दिसले. पांढरे!

केकमध्ये घालण्याआधी सुका मेवा कोरड्या मैद्यात घोळवतात, म्हणजे तो तळाला जाऊन बसत नाही. इतकी वर्षं रोज घोळवतोय. माझ्या डोक्याने गहू सोडला होता, हाताने सोडलाच नव्हता! तुकडा आजींच्या ओठांपर्यंत पोचला होता.

"थांबा!!!"

इस्त्रीवाला दचकून पायरीवरून खाली उतरला. आजींच्या हातातला तुकडा मांडीवर पडला.

"या अल्लाह," चाचा म्हणाले, "ये लडका बोलता भी है!"

मी कसंबसं सांगितलं, पहिल्या केकचंही. ताईंनी चाचांकडे पाहिलं. "आणि चाचा, टिनला तूप लावून वरून काय भुरभुरलंत?"

चाचांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "वही."

त्या दिवसापासून आजींच्या केकची भांडी वेगळी झाली. नवीन टिन, नवीन चाळणी, नवीन कालथा. मैदा उडून लागू नये म्हणून ती सगळी वर गणपतीच्या फळीवर ठेवली, झाकून. मी त्या फळीकडे हात नेला, की चाचा आधी म्हणायचे, "हाथ धोया?" देवापेक्षा त्या चाळणीचं सोवळं कडक!

*

तरीही केक मोडायचाच. चव आली, वास आला, पण चहात गेला की दोन तुकडे. दिवाळी जवळ येत होती. जनाशेठ रोज खाली येऊन टेपने भिंत मोजायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "इथं ट्रेडमिल बसेल."

एका सकाळी ताई धावत आल्या. "गाइज! इसबगोल!"

चाचा म्हणाले, "किस का पेट खराब है?"

तर कोणत्या तरी व्हिडिओत म्हणे सांगितलं होतं, की इसबगोल पाण्यात फुगतो, चिकट होतो आणि बिनगव्हाचा केक धरून ठेवतो. एक चमचा पुरतो. मी एक चमचा घातला.

केक झाला. चार वाजता आजींनी तुकडा बुडवला. आम्ही श्वास रोखला. तुकडा वर आला. अख्खा! आजींनी तो परत बुडवला. परत अख्खा! त्यांनी तो कपात गोल फिरवला, वर काढला, हलवून पाहिला. रबरासारखा लवचीक, पण शाबूत!

आजींना इतका आनंद झाला, की उरलेला सगळा केक त्या वर घेऊन गेल्या आणि भजनी मंडळातल्या मैत्रिणींना बोलावलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या मागच्या भिंतीतला पाईप सकाळपासून खळखळत होता. तो वरच्या संडासाचा. चाचांना वाटलं, टाकी ओव्हरफ्लो झाली. चार वाजता लाल खुर्ची रिकामी. संध्याकाळी कळलं, की गावदेवीच्या देवळातलं भजन रद्द झालं. एकही बाई आली नाही.

तिसऱ्या दिवशी आजी भिंत धरत उतरल्या.

"केक चांगला हाय," त्या खुर्चीत टेकत म्हणाल्या. "चायमंदी मोडला नाय. मीच मोडले!"

ताईंनी मला आत बोलावलं. "विजय, खरं सांग, किती चमचे टाकलेस?"

"एकच."

ताई हळूच म्हणाल्या, "तू विसरशील म्हणून मी पण टाकला होता. मोठ्या चमच्याने."

भट्टीकडून चाचांचा आवाज आला. "दुकान का सवाल था. मैं ने मुट्ठी से डाला."

*

त्यानंतरच्या केकमध्ये मी सगळ्यांदेखत, ताईंच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर, एकच चमचा घातला. आजींनी तुकडा बुडवला, तोंडात टाकला, डोळे मिटले. मग पदराने तोंड पुसलं आणि शेजारच्या पायरीवर थाप मारली.

"बस रं गप्प्या. तू बी चाय घे."

मी बसलो. आम्ही दोघांनी न बोलता केक संपवला. उठताना म्हणाल्या, "अ‍ॅग्रीमेंटच्या एजंटला बोलवा. अंगठ्याचा मशीन घेऊन."

पण जनाशेठ जिन्यातच उभा होता. "आई, मी असल्याशिवाय अंगठा नाय लावायचा. उद्या मी हाय इथं. जिमवाल्यालाबी बोलवतो. समोरासमोर होऊ दे."

तो गेल्यावर आजी काळजीत पडल्या. "जनाचा काय नाय," त्या ताईंना म्हणाल्या. "पन पोरगा समोर येऊन 'आये' बोलला, तर माजा हात वलतो. लहानपनापासून तसाच हाय. मना त्याच्या तोंडावर 'नाय' बोलाया जमत नाय."

त्यांनी रिकामी बशी उचलून काउंटरवर ठेवली. मग माझ्याकडे पाहिलं.

"गप्प्या, आज संध्याकाली अजून एक केक लाव. मागचावाला. तुमी तिगांनी हात लावलेला."

मी ताईंकडे पाहिलं. ताई छताकडे पाहत होत्या.

"जनाला सकालच्या चायसंगती लय आवडतो," आजी म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या.

मी पीठ कालवलं, माझा चमचा घातला, इसबगोलचा डबा उघडाच ठेवून हात धुवायला गेलो. सावकाश धुतले. परत आलो तेव्हा ताई फोनवर बोलत बाहेर चालल्या होत्या, चाचा भट्टीत लाकडं सारत होते, आणि डबा रिकामा होता. त्या विषयावर आमची टीम मीटिंग झाली नाही.

*

दुसऱ्या दिवशी एजंट अंगठ्याचं मशीन आणि लॅपटॉप घेऊन आला. आजी नऊवारी नेसून, नथ घालून लाल खुर्चीत बसल्या. जिमवाला आला, उभ्याउभ्याच दंड फुगवून बसायला जागा शोधू लागला. जनाशेठचा पत्ता नव्हता.

आजींचा फोन वाजला. स्पीकरवर जनाशेठ. "आई, थांब. आलोच. अंगठा लावू नको. आलो..." आणि फोन कट.

मागच्या भिंतीतला पाईप खळखळला.

एजंटने आजींचा अंगठा मशीनवर ठेवला. मशीनने घेतला नाही. म्हातारं माणूस, रेषा झिजलेल्या. परत ठेवला. परत नाही. पुसून ठेवला. नाही! ताईंच्या कपाळावर घाम. वर दार उघडल्याचा आवाज आला. जिन्यात चपला वाजू लागल्या.

"आये!" वरून हाक आली.

आजींचा हात मशीनवरून मागे आला.

मला काय सुचलं कोण जाणे. मी चहाचा गरम ग्लास आजींच्या हातात दिला. त्यांनी अंगठा ग्लासला दाबून धरला, ऊब लागली की रेषा जरा उठतात. चपला एक वळण उतरल्या. मग थांबल्या. मग ज्या वेगाने वर पळाल्या, त्या वेगाने जनाशेठला कधी कोणी पळताना पाहिलं नसेल! दार आपटलं.

आजींनी गरम अंगठा मशीनवर ठेवला. मशीन 'टिंग' वाजलं. हिरवा दिवा.

ताईंनी अंगठा लावला. फोटो झाले. जिमवाला घड्याळाकडे बघत निघून गेला. पाईप पुन्हा खळखळला, आणि लगेच पुन्हा.

एजंटने लॅपटॉप मिटून भिंतीकडे पाहिलं. "मॅडम, वर काही मोठं काम काढलंय का? सकाळपासून ऐकतोय."

ताईंनी ओठ चावले. चाचांनी भट्टीत डोकं घातलं. आजींनी तुकडा चहात बुडवला आणि माझ्याकडे बोट केलं. "याला इचारा. केक यो करतो."

सगळे माझ्याकडे वळले. माझे कान तापले. पण त्या दिवशी आवाज आपोआप फुटला.

"काम नाही साहेब," मी म्हणालो. "भजन रद्द झालंय."