माझ्या संशोधनाचा विषय

आमच्या शिक्षणशास्त्र विभागातल्या फलकावर प्रत्येक प्राध्यापकाच्या नावापुढे संशोधनाचा विषय लिहिलेला आहे. परवा बी.एड. संपवून दाखला न्यायला आलेली एक मुलगी माझ्या नावापुढची ओळ वाचत उभी होती: ‘वर्गात न बोलणारी मुले’. दोन वर्षं ती माझ्या तासाला शेवटच्या बाकावर गप्प बसलेली असे.

“मॅडम, अशा मुलांना तुम्ही काय विचारता?”

मी उत्साहाने प्रश्नावलीबद्दल सांगू लागले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाली, “मलाही कधीतरी विचाराल, असं वाटायचं.”

एखाद्या गोष्टीचा अभ्यास करता करता माणूस तिच्याकडे पाहायचंच विसरतो की काय? ती फाटकापाशी पोहोचली होती. हाक मारायला मी धावले, पण तिचं नाव काही केल्या आठवेना.