तेरा वाटे

अजून डोळे मिटले की राजेश्वरी चढाईला निघते. खाडीवरून वारा येतोय, तळवलीच्या मैदानावरची धूळ उतरत्या उन्हात पिवळी झालीय, आणि ही बया ‘कबड्डी कबड्डी’ पुटपुटत झोपेत चालल्यासारखी पलीकडे जाते. घाई म्हणून नाही. तिघींना हात लावून ती परत येईपर्यंत बघणारे स्वतःचा श्वास विसरायचे.

साल पंच्याण्णव. वाशीच्या एका कॉलेजात आम्ही एकाच संघात होतो. मी जुईनगरच्या सोसायटीतली, वडील बँकेत. ती दिघ्याची. तिचे वडील ज्योतिबाकाका मूळचे साताऱ्याकडचे, तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. कॉलेज आम्हाला मॅचमागे दोन केळी द्यायचं आणि एक ट्रॅकसूट, तोही मार्चमध्ये धुऊन परत. जिंकलेल्या ढाली प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये. गुडघे आम्ही फोडायचे आणि नाव कॉलेजचं, मला तर अस्सा राग यायचा! राजेश्वरीला नाही यायचा. विद्यापीठाच्या स्पर्धेत चमकलं की एखाद्या कंपनीच्या संघात नोकरी लागते, एवढंच तिला माहीत होतं. ती नोकरी तिला जागेपणीही दिसायची.

त्या वर्षी तळवलीच्या जत्रेत आम्ही खेळलो. गावात रीत अशी की चढाई आवडली की कुणीतरी माइकवरून बक्षीस पुकारायचं. हिरामण नावाच्या एका म्हाताऱ्याने सुरुवात केली, “या पोरीला माझं एकावन रुपये हाय,” आणि मग नुसती झुंबड उडाली. तिच्या ओंजळीत पाचशे वीस रुपये जमले. ती त्या नोटांकडे कितीतरी वेळ बघत उभी होती.

ज्योतिबाकाकांच्या टोळीत मजुरीचे सारखे वाटे पडत, मुकादमालाही एक. राजेश्वरीने दुसऱ्या दिवशी तेच केलं. बारा पोरी, बाकावर बसणाऱ्या धरून, आणि तेरावा वाटा आमचे प्रशिक्षक सुभाष सरांचा. प्रत्येकी चाळीस. सरांच्या वाट्याचं पाकीट तिने हसत हसत त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि तिथेच घात झाला.

सर भडकले. कॉलेजचा खेळाडू पैशासाठी खेळत नसतो, पैसे घेणाऱ्याचं नाव विद्यापीठाच्या स्पर्धेतून बाद, असं बरंच काही बोलले. मग पळवाटही त्यांनीच काढली. आम्ही कधीही पैसे घेतले नाहीत, असं लिहून सह्या करा म्हणाले. ते पाकीट मात्र टेबलावरून कुठे गेलं, देव जाणे.

अकरा जणींनी सह्या केल्या. मीही केली, चाळीस रुपये पर्समध्ये असताना. राजेश्वरीने पेन खाली ठेवलं.

“सर, घेतलंय की. लोकांनी हौसेनं दिलं. न्हाई घेतलं असं कसं लिहू?”

सर म्हणाले, मग बस घरी.

ज्योतिबाकाका एकदा कामाच्या कपड्यांतच कॉलेजात येऊन गेले. पोतं उचललं की त्याची मजुरी मिळते, मग माझ्या पोरीच्या दमाला मोल का नाही, असं त्यांनी शांतपणे विचारलं. सर म्हणाले, नियम आहे.

तिची जागा मला मिळाली. वाटलं, आता ही माझं तोंडसुद्धा बघणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर धुकं होतं आणि त्यात ती उभी. आठवडाभर तिने मला तिची चढाई शिकवली, नजर कुठे ठेवायची, पाय कधी टाकायचा. मला तिच्या डोळ्यांत बघवत नव्हतं.

“तेजू, तू दम लवकर सोडतीस,” ती म्हणाली. “भिऊ नको. मी हाय हितं.”

स्पर्धेत मी चमकले. कंपनीतली नोकरीही मलाच लागली. त्या आठवड्याचं तिला कुणी काही दिलं नाही. मीसुद्धा नाही.